घाट रंगवायचा तर आधी महिना ठरवा

डोंबिवलीच्या एका निवृत्त काकांचा प्रश्न आहे. मुलीने जर्मनीहून एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेचं एक इंजिन, चार डबे आणि थोडे रूळ आणून दिलेत. सोबत दोन वाघिणी, म्हणजे मालडबे, आणि एका छोट्या स्टेशनच्या इमारतीचं प्लॅस्टिकचं किट आहे. नोकरीत कल्याण-पुणे प्रवास इतका झाला की घाट डोळ्यांत बसला आहे, म्हणून चार फूट बाय दोन फूट प्लायवर भोर घाटाचा एक तुकडा उभा करायचा आहे. मदतीला आठ वर्षांची नात. हाताशी दहा-बारा हजार रुपये. घर दोन खोल्यांचं, आणि काकूंना दमा. रंग कोणते घ्यावेत, हत्यारं किती लागतात, झाडं, गवत, खडी परदेशी पाकिटातली मागवावी की घरी करावी, असं त्यांनी विचारलं आहे.

काका, रंगांची निम्मी निवड काकूंच्या दम्याने होऊन गेली आहे, त्याकडे येतोच. पण एक रुपयाही खर्च करायच्या आधी तुमचा घाट कुठल्या महिन्यातला आहे ते ठरवा.

गेली बावीस वर्षं मी हे काम करतोय. फसलेले घाट बरेच पाहिले, त्यात माझेही दोन आहेत. त्यांतल्या जवळपास प्रत्येकात रंग लावायचा हात चांगला होता, चुकला होता तो ऋतू. कातळ ऑगस्टमधला ओला काळा, गवत मार्चमधलं पिवळंधमक, झाडं पाकिटावरच्या युरोपीय उन्हाळ्यातली. एकेक वस्तू सुंदर आणि एकत्र ठेवली की परकी. तुम्ही तीच खिडकी वर्षानुवर्षं पाहिली आहे, तेव्हा तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. मे अखेरीस पळसदरी सुटली की सगळा डोंगर भाजलेल्या विटकरी-भुऱ्या रंगाचा असतो. जुलैत त्याच जागी शेवाळ, धुकं आणि पाण्याच्या शंभर धारा. ऑक्टोबर सरता सरता गवताची टोकं पिवळी पडायला लागतात आणि मुळाशी अजून हिरवं असतं. फेब्रुवारीत काटेसावरीला पानं नसतात, नुसती लाल फुलं.

माझा सल्ला नोव्हेंबरचा मध्य, म्हणजे दिवाळी उलटून गेल्यावरचे दिवस. कातळ कोरडा झालेला असतो त्यामुळे त्याचे थर दिसतात, गवत सोनेरी होत आलेलं असतं, झाडं हिरवी असतात पण पावसाळ्यातली तुकतुकी गेलेली असते. नवशिक्याला हे सगळ्यात सोपं जातं. पावसाळी घाटाला खरं दिसणारं पाणी आणि तीस प्रकारचे हिरवे लागतात. ते दुसऱ्या प्रयत्नाला ठेवा. महिना ठरला की एकदा खंडाळ्याला उतरा, कातळाशेजारी पांढऱ्या कागदाची पट्टी धरून फोटो काढा. फोटोतला कागद निळसर किंवा पिवळसर दिसला तर कॅमेऱ्याने रंग किती फिरवला ते कळतं. नुसत्या मोबाइलच्या फोटोवरून रंग जुळवणारे हमखास फसतात, कारण मोबाइल गवत आणि आकाश आपणहून भडक करतो.

आता मापाबद्दल थोडक्यात, कारण सामान निवडताना ते पावलोपावली लागतं. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. साडेपाच फुटांचा माणूस १९ मिलिमीटरचा होतो. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, म्हणजे या मापात १९ मिलिमीटरहून किंचित जास्त हवी, पण एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. तो फरक मान्य करून पुढे जायचं, जगभर भारतीय गाड्यांची मॉडेलं करणारे तेच करतात. दोन फुटांच्या रुंदीत एचओचा पूर्ण गोल बसत नाही. बाजारातलं नेहमीचं सगळ्यात लहान वळण ३६ सेंटिमीटर त्रिज्येचं, म्हणजे गोलालाच ७२ सेंटिमीटर लागतात. त्यामुळे एका कडेतून येऊन दुसऱ्या कडेला जाणारा हलक्या वळणाचा तुकडा करा. घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट, ज्यासाठी कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावतात. तुमच्या चार फुटांत तो सव्वातीन सेंटिमीटर येतो. तेवढा द्याच. डोळ्याला तो लगेच जाणवतो, आणि चार डबे ओढायला इंजिनाला जड जात नाही. पुण्यात कोथरूडला जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथलं मॉडेल एचओतच आहे. एकदा नातीला घेऊन जा आणि गाड्यांपेक्षा रुळांच्या आजूबाजूला जास्त वेळ बघा.

हत्यारांकडे येतो. तुमच्या पैशातला पहिला वाटा इथे जाऊ द्या. रंग पुन्हा घेता येतो, चुकीच्या कटरने तुटलेली दांडी परत येत नाही.

सुरीसाठी परदेशी हॉबी नाइफ शोधू नका. सर्जिकल सामानाच्या दुकानात तीन नंबरचं बीपी हँडल, म्हणजे ब्लेड बसवायची मूठ, मागा आणि त्याला ११ नंबरची टोकदार व १५ नंबरची गोलसर ब्लेडं घ्या. शंभराच्या डब्यात स्वस्त पडतात आणि धार इतकी की प्लॅस्टिकवर दाब द्यावाच लागत नाही. एकच काळजी: हे ब्लेड पातळ असतं, त्याने काही उचकटायला गेलात की टोक तुटून उडतं. चष्मा लावूनच वापरायचं, पिळायचं नाही, आणि जुनी ब्लेडं झाकणाच्या डब्यात साठवायची. नातीच्या हातात हे द्यायचं नाही. तिला मागे मोडणारं ब्लेड असलेला नेहमीचा छोटा कटर, तोही तुम्ही शेजारी असताना.

प्लॅस्टिकच्या फ्रेममधून भाग सोडवायला निपर, म्हणजे तार कापायची छोटी पक्कड, लागतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला साधा निपर चालतो, पण त्याची एक बाजू पूर्ण सपाट आहे ना ते उजेडात धरून पाहा. ती सपाट बाजू नेहमी भागाकडे. वाघिणीची शिडी सोडवताना मी काय करतो ते सांगतो. पहिला काप भागापासून चार-पाच मिलिमीटर लांब, फ्रेमच्या जाड दांड्यावर. त्याने ताण सुटतो. मग भाग हातात मोकळा धरून दुसरा काप, अर्धा मिलिमीटर राखून. उरलेला ठिपका ब्लेडने खरवडायचा आणि पाण्यात भिजवलेल्या ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने दोनदा हळू घासायचा. एकाच कापात जवळून छाटलं तर प्लॅस्टिक पांढरं पडतं, आणि शिडीची पायरी बारीक असेल तर तडकून जाते. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी या एका सवयीने मिटतात.

बाकी यादी छोटी आहे. सोनारकामाच्या सुई-कानशींचा सेट, ४००, ८०० आणि १५०० नंबरचे वॉटर पेपर, एक सरळ आणि एक वाकड्या टोकाचा चिमटा, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, आणि हाताने फिरवायचं छोटं ड्रिल अर्धा व एक मिलिमीटरच्या बिट्ससकट. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. एका फेरीत बहुतेक मिळतं. चिमटा घेताना टोकं मिटवून उजेडाकडे धरा, फट दिसली तर दुसरा मागा.

चिकटवायला प्लॅस्टिकला प्लॅस्टिक असेल तर पातळ प्लॅस्टिक सिमेंट, टामियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन सर्वत्र चांगलं मानलं जातं. ते गोंदासारखं लावायचं नसतं. दोन भाग जोडून धरायचे आणि फटीला ब्रश टेकवायचा, द्रव आपोआप आत ओढला जातो आणि प्लॅस्टिक एकमेकांत वितळतं. वास उग्र आहे, तेव्हा बाल्कनीत बसून आणि एका वेळी दोन-चारच सांधे. फेविक्विक धातूला ठीक, पण स्टेशनच्या खिडक्यांच्या पारदर्शक तुकड्यांना लावू नका, त्याच्या वाफेने पांढरा धूर बसतो. तिथे फेविकॉल.

रंग. बाजारात तीन घराणी आहेत: पाण्यातले ॲक्रिलिक, एनॅमल आणि लॅकर. लॅकर सगळ्यात पातळ आणि सगळ्यात घट्ट बसतो, एअरब्रशवाल्यांचा, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्यांचा, तो लाडका. पण त्याची वाफ घरात नकोच. दमा असलेल्या माणसाच्या घरात तर खिडकी उघडी ठेवूनही नको. कापडी मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही, त्याला कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो, आणि तो फक्त घालणाऱ्याला वाचवतो. शेजारच्या खोलीत झोपलेल्या काकूंना नाही. एनॅमल टर्पेंटाइनवर चालतं, वाळायला दिवस लागतात आणि तितके दिवस वास राहतो. म्हणून तुमच्यासाठी फक्त पाण्यातले.

इथे एक गोम आहे. बाटलीवर ‘ॲक्रिलिक’ लिहिलं म्हणजे ते बिनवासाचं, असं नाही. टामियाच्या ॲक्रिलिक बाटल्या उत्तम आहेत, मी एअरब्रशने त्याच मारतो, पण त्यांत अल्कोहोलचा अंश असतो आणि ब्रशने लावताना दुसरा हात पहिल्या हाताला उचलून काढतो. जपानचा मिस्टर कलर रेझिनने ॲक्रिलिकच, पण विद्रावक सगळा लॅकरचा. ब्रशने काम करणाऱ्या आणि वास नको असलेल्या माणसाला स्पेनमधले व्हायेहोचे मॉडेल कलर बरे: थेंब पाडायची बाटली, पाण्यात पातळ होतात, वास जवळजवळ नाही. त्यांत अल्कोहोल किंवा थिनर कधीच मिसळू नका, रंगाचा चिकट लगदा होतो. आणि हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर प्लॅस्टिकच्या आसपासही येऊ देऊ नका, तो पॉलिस्टायरिन खातो. थर्माकोल हे त्याच प्लॅस्टिकचं फुगवलेलं रूप, त्यामुळे स्प्रे-कॅनने थर्माकोलचा डोंगर रंगवायला गेलात तर डोंगर डोळ्यांदेखत बसतो. माझा पहिला घाट असाच गेला, तीन आठवड्यांचं काम दहा मिनिटांत.

आठ बाटल्या पुरतात: काळा, पांढरा, जर्मन ग्रे, बफ (फिकट पिवळट-मातकट), बर्न्ट अंबर, यलो ओकर, हल रेड, आणि एक ऑलिव्ह हिरवा. शुद्ध काळा मॉडेलवर कुठेही सरळ लावू नका. खऱ्या वस्तूचा रंग लहान वस्तूवर जास्त गडद दिसतो, कारण खरी वाघीण आपण पन्नास पावलांवरून बघतो आणि मध्ये हवा, धूळ, ऊन असतं. म्हणून प्रत्येक मूळ रंगात थोडा बफ किंवा पांढरा, साधारण आठाला एक थेंब. वाघिणीसाठी हल रेड तीन भाग, बर्न्ट अंबर एक, बफ अर्धा. हा माझा आवडता रेड ऑक्साइड. ज्या खोलीत मॉडेल ठेवणार तिथल्याच दिव्याखाली मिश्रण पाहा. पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली जुळवलेला तपकिरी पिवळ्या बल्बखाली लालभडक होतो.

लावायची रीत: किटचे भाग आधी भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायचे, साच्यातलं तेल जायला हवं. मग ब्रशने लावायचा पाण्यातला प्राइमर, आणि तो पूर्ण एक दिवस वाळू द्यायचा. या प्राइमरला घासायचं नाही, पापुद्रे निघतात. त्यावर रंगाचे तीन पातळ हात. पहिल्या हातात खालचा रंग दिसतोच, बघून घाबरायचं नाही. ओल्या पॅलेटसाठी पसरट डबा, त्यात भिजवलेलं स्पंजचं कापड आणि वर बेकिंगचा बटर पेपर. रंग दोन दिवस ओला राहतो. ब्रश बारीक घ्यायचा मोह होईल, ‘ट्रिपल झिरो’ वगैरे. नको. त्याच्या टोकावरचा रंग टेकवायच्या आत वाळतो. दोन नंबरचा गोल ब्रश, ज्याचं टोक ओलं केल्यावर सुईसारखं येतं, आणि एक पाव इंची चपटा, दोन्ही सिंथेटिक. यांवर पैसे वाचवू नका. मातीला, कातळाला वेगळे स्वस्त ब्रश ठेवा, आणि दोन्हींचे डबे वेगळे.

वाघीण जुनी दिसण्यासाठी बहुतेक जण टर्पेंटाइनमधला तेलरंगाचा वॉश, म्हणजे अगदी पातळ हात, देतात. तुमच्याकडे ते नको, त्याऐवजी सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या घ्या. तपकिरी, काळी आणि मातकट कांडी पॉलिश पेपरवर घासून पूड करायची आणि कोरड्या ब्रशने चाकांच्या वर, दारांच्या खाचांत चोळायची. पूड उडते, म्हणून हे काम काकू घरात नसताना आणि मास्क लावून. शेवटी पाण्यातलं मॅट वॉर्निश, बाटली दोन मिनिटं नीट हलवून. मॅटपणा देणारी पूड तळाशी बसते, न हलवता लावलं तर पांढरे डाग पडतात. मॅट स्प्रेच्या कॅनबद्दल एकच सांगतो. जुलैतल्या एका ओल्या संध्याकाळी मी गच्चीवर काळ्या इंजिनावर तो मारला आणि इंजिन राखेसारखं झालं. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि थरात अडकते. कोकणपट्टीत आणि मुंबईच्या बाजूला जून ते सप्टेंबर स्प्रे-कॅन कपाटात राहू दे.

आता ज्यासाठी खरं हे सगळं करायचं, तो घाट.

आपल्याकडे बहुतेकांनी पहिला डोंगर लहानपणीच केलेला असतो, दिवाळीच्या किल्ल्याच्या रूपाने. पोत्यावर माती थापायची, हळीव किंवा मोहरी पेरायची, गेरूने पायऱ्या रंगवायच्या. तो किल्ला खरा वाटायचा याचं एक कारण होतं: माती त्याच अंगणातली असायची. मॉडेलच्या घाटात मी तेच करतो. परदेशी पाकिटातला दगड रंगाने कितीही चांगला असला तरी तो आल्प्सचा असतो, वरून खाली चिरत गेलेला, उभा. सह्याद्री आडवा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, त्यामुळे आपला कातळ पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. कडा, मग गवताची पट्टी, मग पुन्हा कडा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटेसारख्या लाल मातीची पट्टी दिसते. ती पट्टी एका ठिकाणी दाखवलीत तर घाट ओळखणारा माणूस लगेच ओळखेल.

हा आडवा कातळ करायला सगळ्यात चांगलं सामान म्हणजे ऑफिसात लावतात त्या फॉल्स सीलिंगच्या मऊ टाइल. कुठे दुरुस्ती चालू असेल तर फुटक्या टाइल फुकट मिळतात. हाताने मोडायच्या, कापायच्या नाहीत. मोडलेली कड बरोबर कातळासारखी येते. पट्ट्या एकावर एक, थोड्या मागे-पुढे, फेविकॉलने चिकटवायच्या. मोडताना धूळ उडते, म्हणून हे काम गच्चीवर आणि मास्क लावून, आणि ती घरात आणायच्या आधी पुसून. फटी भरायला प्लास्टर ऑफ पॅरिस. पाणी आधी, मग त्यात पूड भुरभुरवायची, उलट केलं तर गुठळ्या होतात. प्लास्टरमध्ये सुरुवातीलाच काळा रंग घाला, म्हणजे पुढे कुठे टवका उडाला तर आतून पांढरं डोकावणार नाही.

रंगवायला इथे महागड्या बाटल्या लागत नाहीत. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅमलिनच्या, म्हणजे कॅमलच्या ॲक्रिलिक ट्यूब कातळाला उत्तम. वाघिणीवर त्यांची जाडी दिसते, दगडावर ती हवीच असते. तीन वाट्या घ्या: एकीत बर्न्ट अंबर, दुसरीत यलो ओकर, तिसरीत काळा, प्रत्येकी पंधरा-वीस पट पाण्यात. कातळ फवारणीने ओला करा आणि अंबर व ओकरचे ठिपके इकडेतिकडे सोडा, बिबट्याच्या अंगावर असतात तसे. नातीला हे काम द्या, मुलांचे ठिपके मोठ्यांपेक्षा कमी शिस्तीचे पडतात आणि इथे तेच हवं. ते ओले असतानाच सगळ्यावरून काळ्याचं पाणी सोडा. पहिली दहा मिनिटं वाटेल की बिघडलं. रात्रभर वाळू द्या. सकाळी फटीत काळं उतरलेलं दिसेल आणि उंच भागावर तपकिरी-करडं. मग चपट्या ब्रशवर बफ आणि करड्याचं मिश्रण घेऊन, ते चिंधीवर पुसून जवळजवळ कोरडं करून, वरून खाली न फिरवता आडवं फिरवा. थरांच्या कडा उजळतात.

खडी विकत घेऊ नका, हे मी अगदी ठाम सांगतो. रुळाखालची आपली खडी काळ्या बेसॉल्टची, मोठ्यात मोठा दगड साधारण ६५ मिलिमीटरचा. पन्नास मिलिमीटरचा दगड १:८७ मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा होतो. बांधकामावर पडलेल्या क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, तो आकार भरपूर असतो, आणि तो दगडही तोच, त्याच डोंगरांचा. मूठभर विचारून आणा. आधी चहाच्या गाळणीने मोठे खडे काढा, मग मैद्याच्या चाळणीने पूड काढून टाका, मधलं उरतं ते तुमचं. धुवा, उन्हात वाळवा, आणि न विसरता त्यावरून लोहचुंबक तीन-चारदा फिरवा. लोखंडाचा एक कण इंजिनाच्या मोटारीत गेला तर मोटार जाते.

पसरायची रीत: चमच्याने रुळांमध्ये टाका, मऊ ब्रशने स्लीपरच्या पातळीपर्यंत बसवा, रुळाच्या आतल्या बाजूला चिकटलेला प्रत्येक कण झटका. यात घाई चालत नाही, फूटभराला अर्धा तास धरा. मग पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून बारीक फवारा, खडी पूर्ण ओली व्हायला हवी. त्यावर एकास तीन पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरने थेंब-थेंब. आधी ओलं केलं नाही तर थेंबाचा गोळा होतो आणि खडीत खड्डा पडतो. मिश्रण रोज ताजं करा, ठेवलेलं आंबतं. वाळल्यावर रुळांच्या मधोमध बर्न्ट अंबरचं पाणी हलकं फिरवा. उतरणीला गाड्या ब्रेक धरून येतात, त्याच्या लोखंडी धुळीने घाटातली खडी गंजकट होते. रुळांच्या बाजूही त्याच रंगाने, फक्त वरचा भाग चकचकीत पुसलेला. स्लीपर मुलीने आणलेल्या रुळांवर लाकडी तपकिरी असतील, ते बफ मिसळलेल्या करड्याने रंगवा, कारण घाटात काँक्रीटचे आहेत.

मातीला लोखंडी तवा. स्वयंपाकातला नाही, मोडीतला. रुळाशेजारची माती वस्त्रगाळ करून बाल्कनीत किंवा गच्चीवर पंधरा मिनिटं चांगली भाजून घ्या. न भाजलेल्या मातीला पहिल्याच पावसाळ्यात बुरशी येते, आणि बुरशी काकूंना वाफेइतकीच वाईट. सुक्या काड्या, मुळं, घोसाळ्याची जाळी, जे जे झाडाचं वापराल ते पूर्ण वाळलेलं हवं आणि वरून वॉर्निशचा हात हवा.

गवताला नोव्हेंबरचा फायदा इथे होतो. नारळाच्या काथ्याचे धागे चार-पाच मिलिमीटरवर कापले की सोनेरी गवताचा रंग आयताच मिळतो. झुबके करून फेविकॉलच्या ठिपक्यात उभे रोवायचे, आणि मुळाशी ऑलिव्हचं पाणी. सगळा उतार काथ्याचा करू नका, ते झाडूसारखं दिसतं. मधे मधे दोन आणि चार मिलिमीटरचं नायलॉनचं स्टॅटिक गवत, म्हणजे स्थिर विजेने उभे राहणारे बारीक धागे, लागतं. ते मात्र विकत घ्या, पण ‘स्प्रिंग’ किंवा ‘समर’ हिरवं नको, गवती पिवळं आणि थोडं गडद हिरवं घेऊन घरी मिसळा. स्टॅटिक गवताचं यंत्र आत्ता घेऊ नका, एवढ्याशा जागेला चिमट्यानेही होतं. कारवीची झुडपं घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे आणि रंगवलेल्या स्पंजच्या चुऱ्याने होतात. मोठी झाडं तीन-चारच ठेवा, जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळून. खोडाला तारा पिळताना बुंधा रुंद, आणि फांद्या वर न्यायच्या आधी थोड्या बाजूला. लॉलीपॉपसारखं गोल झाड सह्याद्रीत नसतं.

पैशांचं साधारण असं बसतं: चार हजारांत हत्यारं आणि ब्रश, तीन हजारांत बाटल्या, प्राइमर, वॉर्निश आणि सिमेंट, हजारात कॅमलच्या ट्यूब, प्लास्टर आणि फेविकॉल, दीड हजारात गवत. उरलेले राखून ठेवा, कारण निम्म्यात गेल्यावर कशाची गरज आहे ते कळतं. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर या कामाला नको. अख्ख्या प्लायवर लगेच हात घालू नका. आधी फूटभर थर्माकोलच्या तुकड्यावर एक कातळ, सहा इंच रूळ आणि मूठभर गवत करून पाहा.

एक गोष्ट शेवटी करा, बाकी सगळं वाळल्यावर. नोव्हेंबरातही बोगद्याच्या तोंडाशी कातळातून पाझर चालू असतो. एका फटीपासून खाली बोटभर रुंदीची पट्टी काळ्याच्या पातळ पाण्याने गडद करा, तिच्या दोन्ही कडांना ऑलिव्हचा किंचित स्पर्श, आणि वाळल्यावर फक्त त्याच पट्टीवर चकचकीत वॉर्निश. दिवा बाजूने पडला की तेवढा कातळ ओला दिसतो.